पस्तिशीनंतर परदेशी संघात: पहिल्या हंगामासाठी मार्गदर्शक

तेहतिशी-पस्तिशी ओलांडल्यावर परदेशी संघाकडून बोलावणं येतं तेव्हा आनंद आणि धाकधूक एकदमच घरात शिरतात. अंगात तेवढा दम उरलाय का, तिथली माणसं सांभाळून घेतील का, घरच्यांचं काय करायचं? स्वतःच्या देशात दहा-पंधरा वर्षं खेळून नाव कमावलेल्या, पण परक्या संघात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या खेळाडूंसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः फुटबॉल, बास्केटबॉल आणि क्रिकेटमधली आहेत. पायऱ्या मात्र कुठल्याही सांघिक खेळाला लागू पडतील.

विशीतला खेळाडू परदेशी गेला तर त्याचे पाय त्याच्या वतीने बोलतात. धावला, झेपावला, गोल केला की भाषा येत नसली तरी त्याचं निभावतं. पस्तिशीतल्या खेळाडूचं तसं नसतं. पुढे काय होणार हे इतरांच्या आधी दिसणं, ही त्याची खरी पुंजी. पण जे दिसलं ते शेजारच्या खेळाडूपर्यंत त्याच क्षणी पोचलं नाही, तर संघाच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणूनच इथे शरीराइतकीच जागा भाषेला आणि माणसांना दिली आहे. बहुतेक जण तयारीत नेमकं हेच मागे ठेवतात आणि हंगामाच्या मध्यावर अडकतात.

पहिली पायरी: तुम्ही त्यांना कशासाठी हवे आहात?

सही करण्याआधी या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळवा. ज्येष्ठ परदेशी खेळाडूला बोलावण्यामागे साधारण तीन हेतू असतात: थेट निकाल हवे असतात, तरुणांना घडवणारा माणूस हवा असतो किंवा प्रेक्षक खेचणारं नाव हवं असतं. तिन्ही रास्त आहेत. हेतू एक आणि तुमची समजूत दुसरी, असं झालं की मात्र भांडणं सुरू होतात.

ब्राझीलचा फुटबॉलपटू झिको १९९१ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, जपानच्या सुमितोमो मेटल्स या कंपनीच्या संघात गेला. संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्याने स्वतः खेळण्याबरोबरच सराव, शिस्त आणि सामन्याची तयारी यांची व्यावसायिक घडी बसवून दिली. तोच संघ पुढे काशिमा अँटलर्स झाला. १६ मे १९९३ रोजी जे-लीग या जपानच्या नव्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या आपल्या पहिल्या सामन्यात त्यांनी नागोयाला ५-० असं हरवलं, आणि चाळिशीतल्या झिकोने त्यात हॅटट्रिक केली. त्या हंगामाचा पहिला टप्पाही काशिमाने जिंकला. झिको तिथे घडवणारा म्हणून गेला आणि निकालही देऊन गेला. दोन्ही भूमिका त्याने मनापासून स्वीकारल्या होत्या. पेलेचं १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसला जाणं वेगळ्या जातीचं होतं. अमेरिकेत फुटबॉल रुजवण्यासाठी एका मोठ्या नावाची गरज होती, आणि हे त्या ३४ वर्षांच्या खेळाडूला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याला जवळची दोन उदाहरणं. भारतीय कसोटी संघातून वगळल्यावर चेतेश्वर पुजारा २०२२ मध्ये ससेक्सकडून कौंटी क्रिकेट खेळला. काम एकच होतं, धावा. आठ सामन्यांत त्याने १,०९४ धावा केल्या आणि त्याच उन्हाळ्यात तो भारतीय संघात परतला. मुंबईचा लेगस्पिनर प्रवीण तांबे २०२० मध्ये ट्रिनबॅगो नाइट रायडर्सकडून कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये उतरला तेव्हा ४८ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला भारतीय. संघाने बाराच्या बारा सामने जिंकले. त्याची भूमिका मर्यादित होती, आणि मर्यादित भूमिकेतही माणूस संघात मुरू शकतो.

तेव्हा विचारायचं ते असं. मला प्रशिक्षकाने मागितलंय की मालकाने? माझ्या जागेवर सध्या कोण खेळतो, आणि मी येतोय हे त्याला माहीत आहे का? आठवड्यात दोन सामने असतील तेव्हा मी दोन्ही खेळावेत अशी अपेक्षा आहे का? प्रशिक्षक बदलला तर माझं काय? ही बोलणी एजंटवर सोडू नका. प्रशिक्षकाशी स्वतः, शक्य तर व्हिडिओवर, अर्धा तास बोला. तो तुमच्या जुन्या सामन्यांच्या आठवणींतच रमला असेल तर सावध व्हा. गेल्या सहा महिन्यांतल्या तुमच्या खेळाबद्दल तो नेमकेपणाने बोलत असेल तर ते चांगलं लक्षण.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. आयपीएलमध्ये अकरांत चारच. त्यामुळे बाकावरचा परदेशी खेळाडू संघाला महाग वाटतो आणि स्थानिक खेळाडूला मिळते तेवढी सवड तुम्हाला मिळत नाही. हे मनाशी धरूनच निघा.

दुसरी पायरी: करार आणि कागदपत्रं

या वयात कराराचं सगळ्यात महत्त्वाचं कलम पगाराचं नसून दुखापतीचं असतं. खेळताना किंवा सरावात दुखापत झाली तर पगार पूर्ण चालू राहणार का, किती महिने? शस्त्रक्रिया कुठे आणि कोणाच्या खर्चाने? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे का? जुनी दुखापत पुन्हा उफाळली तर विमा ती धरतो की वगळतो? चारही उत्तरं लेखी हवीत.

वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी होऊ द्या. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमानुसार कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर किंवा वर्क परमिटवर अवलंबून ठेवता येत नाही. तरीही अशी कलमं करारात घुसवणारे भेटतात. पगार थकला तर काय, हेही आधीच जाणून घ्या. फिफाच्या २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचे पगार थकले असतील, तर क्लबला लेखी कळवून किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडू शकतो. बास्केटबॉलमध्ये २००७ पासून फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, पुढाकाराने उभा राहिलेला स्वतंत्र लवाद आहे, पण त्याच्याकडे दाद मागण्याचं कलम करारात असावं लागतं. ते नसेल तर घालून घ्या. कलम घालून घ्यायला काही खर्च येत नाही.

कराराबद्दलची सगळ्यात मोठी गैरसमजूत कराची. ‘१८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो तर तिथे कर नाही’ हे खेळाडू एकमेकांना सांगत असतात. नोकरदारांच्या बाबतीत अनेक करारांत तसं असतं. पण देशादेशांतले दुहेरी कर टाळण्यासाठीचे करार ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या ज्या नमुन्यावर बेतलेले असतात, त्याच्या १७व्या कलमात खेळाडूंची वेगळी सोय आहे: जिथे खेळलात तो देश त्या कमाईवर कर लावू शकतो, दिवस कितीही कमी असोत. तेव्हा रक्कम ठरवताना ‘करापूर्वी की करानंतर’ हे स्पष्ट लिहून घ्या आणि दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसाला एकदा पैसे देऊन विचारा.

करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, हे पाहा. दुभाषी, भाषेचे वर्ग, घर आणि कुटुंबाची विमानाची तिकिटं हे सगळं लेखी मागा. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी हंगामाच्या मध्यावर नोकरी सोडून गेलेला असतो.

खेळण्याची परवानगी हा वेगळा कागद. फुटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र, बास्केटबॉलमध्ये मुक्तीपत्र, क्रिकेटमध्ये मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र. व्हिसा हातात आहे आणि हा कागद अडकलाय, म्हणून पहिले सामने हुकलेले खेळाडू असतात. अर्ज कोणी, कधी केला याचा पाठपुरावा स्वतः करा.

तिसरी पायरी: औषधांची पिशवी

तरुण खेळाडूच्या पिशवीत एखादं क्रेप बँडेज असतं. पस्तिशीनंतर तीत रक्तदाबाची गोळी, गुडघ्यासाठी काहीतरी, झोपेसाठी काहीतरी, सर्दीची जुनी ओळखीची गोळी असं साठत जातं. परदेशी लीगमध्ये याच पिशवीमुळे कारकीर्द डागाळू शकते.

वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, प्रतिबंधित यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. ज्येष्ठ खेळाडूंनी मुद्दाम लक्षात ठेवावेत असे बदल दोन. दुखऱ्या सांध्यात घेतलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, मग ते गुडघ्यात घ्या की खांद्यात. ट्रामाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. सलाइनसुद्धा बारा तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त घेता येत नाही, रुग्णालयातले उपचार किंवा शस्त्रक्रिया यांसारखे ठरावीक अपवाद सोडले तर. आणि ‘वयाने टेस्टोस्टेरॉन कमी झालंय, थोडं घेऊ’ असा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. केवळ वयामुळे झालेल्या घटीसाठी त्याची उपचारसूट, म्हणजे निषिद्ध औषध उपचार म्हणून घेण्याची परवानगी, मिळत नाही.

जे औषध खरोखर लागतं आणि यादीत आहे, त्यासाठी उपचारसूटीचा अर्ज निघण्याआधीच करा. जुन्या देशातली सूट नव्या लीगमध्ये चालेल की नाही, हे लेखी विचारा. औषधांची यादी रासायनिक नावांनी करा. त्याच ब्रँडच्या गोळीत दुसऱ्या देशात वेगळा घटक असू शकतो, त्यामुळे नव्या देशात ‘तीच गोळी’ मागून घेणं धोक्याचं आहे. नोंदणीकृत चाचणी यादीत, म्हणजे न सांगता चाचणी होऊ शकणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असाल तर रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास आणि पत्ता कळवावा लागतो. बारा महिन्यांत तीन वेळा चुकलात की तो नियमभंग ठरतो. स्थलांतराच्या धावपळीत पत्ता बदलायचा राहून जातो, म्हणून नव्या घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी तो बदला.

चौथी पायरी: पहिले सहा आठवडे शरीराचे

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण घोळ बहुतेक इथेच होतो.

नवा संघ, नव्या नजरा. आपण अजून खेळू शकतो हे पहिल्याच दिवशी दाखवायची ऊर्मी येते. शरीर त्या वेळी प्रवासातून सावरत असतं. घड्याळातल्या दर तासाच्या फरकाला सावरायला साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा जड जातो. थंड हवेतून उष्ण हवेत जाणार असाल तर अंगवळणी पडायला १० ते १४ दिवस धरा. या काळात हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू), पोटरी आणि टाचेवरची मोठी शीर सगळ्यात धोक्यात असतात. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका वयाने वाढतो आणि आधी दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता अधिक असते. पस्तिशीत दोन्ही एकत्र आलेले असतात. गुडघ्यावर बसून, कुणीतरी घोटे धरलेले असताना सावकाश पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम रटाळ आहे, पण हॅमस्ट्रिंगच्या बचावासाठी सगळ्यात चांगला पुरावा त्याच्याच मागे आहे. निघण्याच्या दोन महिने आधीपासून तो सुरू करा.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पहिला आठवडा, तंदुरुस्तीची चाचणी. सगळ्यांच्या छातीला पट्टे, भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके. बाविशीतली पोरं १९० च्या घरात. तुमचा आकडा १८० वर येऊन थांबलाय, हलत नाही. कडेला उभा तरुण साहाय्यक प्रशिक्षक वहीत काहीतरी टिपतो. तो काय लिहितोय? बहुधा, ‘जीव तोडून धावत नाही.’ प्रत्यक्षात तुम्ही जवळजवळ शेवटच्या टोकाला आहात. ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर घटते. ढोबळ सूत्र असं: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायची. २२ व्या वर्षी ती १९३ च्या आसपास येते, ३६ व्या वर्षी १८३ च्या आसपास. माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. म्हणून तुमची स्वतःची मोजलेली कमाल आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या चाचण्यांचे आकडे बरोबर न्या आणि चाचणीच्या आधी तिथल्या प्रशिक्षकाच्या हातात ठेवा. नंतर दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं ऐकू येतं.

दम, म्हणजे प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, तिशीनंतर सर्वसाधारण माणसात दशकामागे सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. कसून सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. त्यापेक्षा जास्त जाणवतं ते दोन मेहनतींच्या मधलं सावरणं. बाविशीत मंगळवारचा जड सराव गुरुवारी आठवत नाही. पस्तिशीत शुक्रवारीही आठवतो. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक फिजिओबरोबर बसून ठरवा: कोणत्या दिवशी पूर्ण जोर, कोणत्या दिवशी फक्त चेंडूचं काम, कोणत्या दिवशी सायकल. हे ठरलेलं सगळ्या सहकाऱ्यांना माहीत असू द्या. ‘याला आज सूट का?’ ही कुजबूज वेळेत थांबते. आणि ज्या दिवशी पूर्ण जोर ठरलाय, त्या दिवशी पहिला तुम्ही असायला हवं.

खेळाची साधनं बदलतात, तीही अंगाला सांगावी लागतात. बास्केटबॉलमध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधून फिबाच्या नियमांनी खेळणाऱ्या लीगमध्ये आलेल्याला तीन गुणांची रेषा जवळ सापडते, समोरून ७.२४ मीटरऐवजी ६.७५. सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा आणि फाउल सहाऐवजी पाच. म्हणजे अनुभवी बचावपटूची जुनी सवय, एखादा फाउल मुद्दाम खर्च करण्याची, तिथे महाग पडते. क्रिकेटमध्ये ड्यूक्स चेंडूची शिवण बराच वेळ उठावदार राहते, कुकाबुराची लवकर बसते. कृत्रिम गवतावर बूट वेगळे लागतात आणि पोटऱ्यांवर ताण वेगळा पडतो. संघ कोणता चेंडू वापरतो ते विचारून तो महिनाभर आधी घरी मागवा.

दुखतंय ते लपवू नका. नव्या संघात हे सगळ्यात अवघड, कारण ‘म्हातारा घोडा आणला’ असं कोणी म्हणेल ही भीती. पण फिजिओला तुमचं शरीर अजून अनोळखी आहे. रोजची कुरकुर कोणती आणि धोक्याची खूण कोणती, हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि त्याला ते तुमच्याकडूनच कळणार.

पाचवी पायरी: भाषा, आणि ती मैदानापासून

भाषा शिकायची म्हटलं की लोक नमस्कार, आभार, मोजणी इथून सुरुवात करतात. ते चालू ठेवा, पण खेळाडूने पहिल्या आठवड्यात वेगळे शब्द पाठ करायचे असतात: ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे माणूस’, ‘वेळ आहे’, ‘फिरव’, ‘थांब’, ‘आत’, ‘बाहेर’, ‘डावा’, ‘उजवा’, ‘वर सरका’.

हे का, ते बघा. फुटबॉलचा सामना, उंच चेंडू गोलसमोरच्या पेटीत येतोय. तुम्हाला अर्ध्या सेकंदाआधी दिसलंय की शेजारचा तरुण बचावपटू आपल्या पाठीमागच्या माणसाला विसरलाय. तुमच्या तोंडून मातृभाषेतला शब्द निघतो. तो वळून तुमच्याकडे बघतो, कारण आवाज ऐकू आला, अर्थ नाही. तेवढ्यात हेडर जाळ्यात. विशीतले तुम्ही असता तर स्वतः धावून गेला असता. आता पाय तेवढे वेगाने जात नाहीत, म्हणून तर शब्द हवा होता. तो शब्द त्यांच्या भाषेत, एक-दोन अक्षरांचा, ओरडता येईल असा, झोपेतही निघेल इतका घोटलेला असायला हवा. सरावात चुकीच्या उच्चारासकट मोठ्याने ओरडा. पोरं हसतील आणि दुरुस्त करतील. त्यातूनच ओळख वाढते.

दुसरी यादी दुखण्याच्या शब्दांची. टोचतंय, ओढतंय, जळतंय, सुन्न झालंय, आत खोल दुखतंय, वर वर दुखतंय. प्रत्येकाचा फिजिओसाठी अर्थ वेगळा. या यादीसाठी एक संध्याकाळ दुभाष्याबरोबर बसा. तिसरी यादी पंचांशी बोलण्याची, सौम्य आणि मोजकी.

दुभाषी वापरण्याचीही पद्धत आहे. बोलताना प्रशिक्षकाच्या डोळ्यांत बघा, दुभाष्याच्या नाही. वाक्यं लहान ठेवा. दुभाषी सवयीने कडक शब्द मऊ करतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगा की प्रशिक्षक रागावला असेल तर मला राग जसाच्या तसा हवा. संघाच्या बैठकीआधी फळ्यावरच्या आकृत्या मागून घ्या. डोक्यात चित्र असलं की शब्दांचं ओझं निम्मं होतं.

सार्वजनिक ठिकाणी मात्र घाई नको. बेसबॉलमधला जपानी खेळाडू इचिरो २००१ मध्ये अमेरिकेत सिएटलला गेला. सहकाऱ्यांशी तो इंग्रजीत गप्पा मारायचा, पण पत्रकारांसमोर वर्षानुवर्षं दुभाष्यामार्फतच बोलला. एका चुकीच्या शब्दाची बातमी होऊ शकते, तेव्हा हा विवेक योग्यच आहे. उलट टोकाला ब्राझीलची फुटबॉलपटू मार्ता. तरुणपणी स्वीडनमध्ये खेळताना तिने स्वीडिश आत्मसात केली आणि पुढे ते नागरिकत्वही घेतलं. एकदा परकी भाषा अंगात भिनवलेली ही खेळाडू २०१७ मध्ये एकतिसाव्या वर्षी ऑर्लँडोला गेली, कर्णधार झाली आणि २०२४ मध्ये, ३८व्या वर्षी, संघासह अमेरिकी लीगचं विजेतेपद घेऊन उभी राहिली.

सहावी पायरी: ड्रेसिंग रूम

पहिल्या दिवशी बसायची जागा विचारून घ्या. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची कोणाची तरी ठरलेली असते, आणि ती बळकावणारा ज्येष्ठ परदेशी खेळाडू कोणालाच आवडत नाही.

मग महिनाभर नुसतं बघा. प्रशिक्षकाला सर्वांसमोर प्रश्न विचारलेला चालतो की नंतर एकट्याने विचारायचा? चूक मोठ्याने सांगतात की बाजूला घेऊन? हरल्यावर बसमध्ये शांतता पाळतात की बोलून मोकळे होतात? ज्येष्ठ खेळाडू आधी बोलतो की शेवटी? एका संघात गप्प बसणं म्हणजे आदर, दुसऱ्यात तेच म्हणजे बेफिकिरी. यातलं बरोबर-चूक ठरवायला तुम्ही गेलेला नाही. आपला सल्ला कोणत्या वाटेने पोचेल हे शोधायला गेला आहात.

‘आमच्याकडे असं नव्हतं’ हे वाक्य वर्षभर तोंडातून निघू देऊ नका. ते खरं असलं तरी कान बंद करतं. तीच सूचना कृतीतून द्या: सरावाआधी वीस मिनिटं येऊन स्वतःचा व्यायाम करा, एखादा पोरगा आपणहून शेजारी येऊन उभा राहील. प्रशिक्षक तुमच्यापेक्षा वयाने लहान असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. त्याला तुमची धास्ती वाटत असते. त्याचा निर्णय पटला नाही तर दार लावून बोला, आणि बाहेर आल्यावर तो निर्णय तुमचाच असल्यासारखा राबवा.

संघातल्या तुमच्या जागेवरच्या तरुणाशी पहिल्याच आठवड्यात बोला. तुमच्या येण्याने त्याची मिनिटं गेली आहेत. त्याला वेळ द्या, त्याचे प्रश्न टाळू नका. शेन वॉर्न २००८ मध्ये, ३८व्या वर्षी, राजस्थान रॉयल्सचा कर्णधार आणि प्रशिक्षक झाला तेव्हा संघात फारशी मोठी नावं नव्हती. त्याने अनोळखी तरुणांना नेमकी कामं वाटून दिली, त्यांच्यावर उघड भरवसा टाकला आणि आयपीएलचा पहिलाच हंगाम जिंकला. ज्येष्ठ परदेशी खेळाडू संघाला काय देऊ शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सातवी पायरी: मैदानाबाहेरचे तास

सराव दुपारी संपतो आणि दिवस लांब उरतो. तरुण खेळाडू एकत्र राहतात, फिरतात. तुमचं वय, घर, मुलं वेगळी. एकटेपण इथूनच शिरतं, आणि ते झोपेवर, मग स्नायूंवर उतरतं. कुटुंब बरोबर नेणार असाल तर जोडीदाराचं काम आणि मुलांची शाळा हे विषय तुमच्या कराराइतक्याच गांभीर्याने सोडवा. नेणार नसाल तर भेटींच्या तारखा हंगाम सुरू होण्याआधीच ठरवून टाका; ‘बघू जमेल तसं’ यात महिने निघून जातात.

संघाच्या गाडीतून घर आणि घरातून मैदान, एवढ्यातच राहू नका. बास्केटबॉलपटू स्टीफन मार्बरी २०१० मध्ये, ३२व्या वर्षी, एनबीएतून चीनमध्ये गेला. बीजिंगमध्ये तो मेट्रोने फिरायचा, लोकांत मिसळायचा, वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा. बीजिंगच्या संघाने त्याच्यासह २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं मिळवली, आणि पुढे त्याला तिथला कायमचा रहिवास मिळाला. चाळिशीला टेकेपर्यंत तो तिथे खेळला. शहराशी नातं जुळलं की वाईट महिन्यातही लोक पाठीशी राहतात.

आठवी पायरी: वाईट महिना आणि पुढचं वर्ष

तो येणारच. बाकावर बसावं लागेल किंवा पोटरी धरेल. अशा वेळी प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारा: ‘परत अकरांत येण्यासाठी तुम्हाला माझ्यात काय दिसायला हवं?’ उत्तर लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी त्याच उत्तरावर पुन्हा बोला. बाकावरून वाचलेला सामना मध्यंतरात दोन वाक्यांत सांगता आला तर तेही खेळणंच आहे. नाराजी समाजमाध्यमांवर किंवा मायदेशीच्या पत्रकारांकडे काढू नका. भाषांतर होऊन ती संध्याकाळपर्यंत परत येते.

पुढच्या कराराची बोलणी हंगामाचा दोन-तृतीयांश भाग झाल्यावर स्वतःहून सुरू करा. राहण्याची इच्छा असेल तर भूमिका लहान करून घ्यायची तयारी आधीच दाखवा: कमी मिनिटं, तरुणांबरोबर अधिक काम. पुढे प्रशिक्षक व्हायचा विचार असेल तर त्या देशातला परवाना अभ्यासक्रम याच काळात सुरू करता येईल का, ते संघाकडून कळवून घ्या. निघायचं ठरलं तर तिथे भरलेल्या कराची प्रमाणपत्रं, सामाजिक सुरक्षेत कापल्या गेलेल्या रकमेचा दाखला आणि घराची अनामत देश सोडण्याआधी हातात घ्या, नंतर दूरवरून ती मिळवणं जिकिरीचं होतं. फिजिओकडून हंगामभराच्या चाचण्या, दुखापती आणि उपचारांच्या नोंदींची पूर्ण प्रत मागून घ्या. पुढचा संघ सगळ्यात आधी तीच मागेल.